घोट नव्हे, चव : सफरचंदाची ब्रँडी आणि ओकचं पिंप



आसवनी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं मळीची टाकी आणि स्पिरिटचा टँकर उभा राहतो. मळी आत गेली, स्पिरिट बाहेर आलं, टँकर भरला की हिशेब संपला. पण जगात अशीही आसवनी आहे, जिथला माल तयार झाल्यावर वर्षानुवर्षं लाकडी पिंपात पडून राहतो आणि त्या थांबण्याचाच भाव मिळतो. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातली सफरचंदाची ब्रँडी, म्हणजे काल्व्हादोस, हे त्याचं नामांकित उदाहरण.

आधीच सांगतो, दारूपायी बसलेली घरं आम्ही शिवारं फिरताना पाहतो. तेव्हा ही पिण्याची शिफारस नव्हे. माल पारखावा कसा आणि शेतमालाचं नाव राखावं कसं, एवढाच विषय.

नॉर्मंडी हा मुळात दूधदुभत्याचा मुलूख. उंच वाढलेल्या सफरचंदाच्या झाडांखाली तिथं गायी चरतात. ब्रँडीची फळं मात्र आपण खातो ती नव्हेत. लहान, काही गोड, काही आंबट, तर काही चावताच तोंड तुरट करणारी. बाजारात ती कुणी हातात धरणार नाही. पण गोडीतून मद्यार्क होतो, आंबटपणानं ताजेपणा येतो, तुरटपणानं अंग भरतं. म्हणून अनेक जातींचा मेळ घालावा लागतो. आपला ऊस तोडल्यापासून चोवीस तासांत गाळपाला गेला पाहिजे; ही फळं मात्र काही दिवस ठेवून मुरवली तरी चालतात. मग ती चिरडून रस काढायचा आणि तो सावकाश आंबू द्यायचा. यालाच सायडर म्हणतात.

सायडर उकळून ब्रँडी काढण्याचा उल्लेख झिल द गुबेरव्हील या जमीनदाराच्या १५५३ सालच्या रोजनिशीत आहे. पेई दोज या भागात तांब्याच्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातन करतात. दुसऱ्या वेळी सुरुवातीचा आणि शेवटचा भाग बाजूला काढून मधला तेवढाच ठेवतात. सुमारे १८ किलो सफरचंदांपासून १३ लिटर सायडर आणि त्यातून ७० टक्के मद्यार्काची जेमतेम १ लिटर ब्रँडी, असा साधारण उतारा पडतो. आपल्या रिकव्हरीच्या आकड्याशेजारी ठेवून बघा!

ही नवी ब्रँडी पाण्यासारखी बिनरंगाची आणि जहाल असते. खरं काम पुढं ओकचं पिंप करतं. लाकडातून रंग, तुरटपणा आणि व्हॅनिलासारखा वास उतरतो. लाकडाच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते, तसा तिखटपणा निवत जातो. थोडी ब्रँडी दरवर्षी उडूनही जाते. तिकडचे लोक तिला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. बाटलीत भरली की मात्र वाढ थांबते. दहा वर्षं कपाटात ठेवलेली बाटली दहा वर्षांनी जुनी होत नाही.

आता पारख. बैलाचं वय दातांवरून कळतं, ब्रँडीचं कशावरून? नुसत्या रंगावर जाऊ नये, कारण रंग सारखा करायला कॅरॅमल, म्हणजे जळवलेली साखर, घालायची मुभा आहे. जाणकार पोटाशी फुगीर, तोंडाशी निमुळता पेला घेतात आणि तळाशी थोडीच ओततात. नाक एकदम आत खुपसत नाहीत. खुपसलं तर मद्यार्काचा झणका बसतो आणि पुढचं काही कळत नाही. तळहाताची ऊब देत दुरून हळूहळू वास घ्यायचा. कोवळ्या ब्रँडीत ताज्या सफरचंदाचा वास येतो; मुरलेलीत शिजवलेलं सफरचंद, लोणी, मसाला, सुकामेवा. मग अगदी लहान घोट जिभेवर फिरवायचा आणि गिळल्यावर चव किती वेळ टिकते ते बघायचं. शितावरून भाताची परीक्षा, तशी थेंबावरून पिंपाची.

वयाचा नियमही कडक आहे. काल्व्हादोस किमान दोन वर्षं ओकमध्ये राहिलीच पाहिजे. दोंफ्रोंते भागाच्या ब्रँडीत नासपतीही असतो. तिला तीन वर्षं लागतात. अनेक पिंपांचं मिश्रण केलं, तर चिठ्ठीवर वय लिहायचं ते त्यातल्या सगळ्यात कोवळ्या ब्रँडीचं. वीस वर्षांच्या पिंपात चार वर्षांची ओतली, तर वय चारच!

या शिस्तीवरच नाव उभं आहे. पेई दोज भागाला १९४२ साली कायद्याचं संरक्षण मिळालं, दोंफ्रोंतेला १९९७ मध्ये. ठरलेल्या मुलखाबाहेर कुणी कितीही चांगली सफरचंदाची ब्रँडी काढो, तिला काल्व्हादोस म्हणता येत नाही.

आपल्याकडं कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्या नावाखाली साखर मिसळलेली ढेप बाजारात गेली, तर मानांकनाचा कागद तिला वाचवणार नाही. खाणारा एकदा फसतो, दुसऱ्यांदा दुसऱ्या दुकानात जातो. नाव सरकार देतं, बंधूंनो, पण ते टिकवायचं काम मळ्यात आणि गुऱ्हाळात होतं. गूळ घेताना आणि विकताना नुसता पिवळा रंग बघू नका. खडा मोडून बघा, वास घ्या, जिभेवर ठेवा. मालाची खरी चव ज्या शेतकऱ्याला कळते, त्याला भाव मागताना मान खाली घालावी लागत नाही.

— ऊस विकास अधिकारी