पदयात्रेची पिशवी हलकी कशी करावी?

6 डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पायी जाणाऱ्या उपासक-उपासिकांसाठी मुक्कामाच्या विहारात आम्ही औषधपेटी घेऊन बसतो. तिथे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. तळपायाला फोड, गुडघेदुखी, अवघडलेले खांदे, हाताला मुंग्या. फोड बहुधा बुटांमुळे येतात. बाकीच्या दुखण्यांत पाठीवरच्या पिशवीचा वाटा मोठा असतो.

पुण्याहून चैत्यभूमी रस्त्याने साधारण 150 किलोमीटर आहे. रोज 20 किलोमीटर चालले तर सात-आठ दिवस लागतात आणि दिवसाला 25 हजारांहून जास्त पावले पडतात. पिशवीतला जास्तीचा एक किलो गुडघ्यांना आणि कंबरेला प्रत्येक पावलागणिक पेलावा लागतो. ओझ्याने माणूस पुढे वाकतो. अरुंद पट्टे खांद्यात रुतले की हाताकडे जाणाऱ्या नसा दाबल्या जातात. मुंग्या येतात त्या यामुळेच.

किती वजन चालेल?

नेहमी डोंगर चढणारे लोक स्वतःच्या वजनाच्या पाचव्या भागापर्यंत ओझे घेतात. आपल्यात सवय नसलेले, वयस्क, गुडघ्याचा त्रास असलेले पुष्कळ जण असतात. त्यांनी दहाव्या भागाच्या वर जाऊ नये. 60 किलो वजनाच्या व्यक्तीने पाण्यासकट 6 किलो धरावेत. त्यात रिकामी पिशवी 800 ग्रॅम, कपडे दीड किलो, अंथरूण-पांघरूण एक किलो, औषधे व किरकोळ वस्तू 700 ग्रॅम, पाणी दीड लिटर म्हणजे दीड किलो आणि खाऊ 500 ग्रॅम. निघण्याच्या आठ दिवस आधी किराणा दुकानातल्या काट्यावर पिशवी मोजून घ्या. अंदाज नेहमी कमीच निघतो.

काय काढावे?

आधी रिकामी पिशवीच तोलून पाहा. चाके किंवा लोखंडी सांगाडा असलेल्या बॅगा आत काही नसताना दोन-तीन किलो भरतात. कपड्यांचे दोन जोड पुरतात, एक अंगावर आणि एक वाळत. कार्यक्रमाचे शुभ्र वस्त्र वेगळे बांधून गटाच्या गाडीत द्यावे. जाड चादर आणि जीन्स घरी ठेवा. ओली झाली की जड होतात आणि लवकर वाळत नाहीत. साबण, पेस्ट, तेल यांच्या लहान पुड्या घ्या. चार्जर, विजेरी, सुई-दोरा, नेलकटर पाच जणांत एक पुरते. वाचायचा ग्रंथही गटात एकच ठेवावा. चैत्यभूमीवर पुस्तके घेतल्याशिवाय कोणी परतत नाही. पण ती परतीच्या रेल्वेच्या किंवा एसटीच्या प्रवासात येतात, म्हणून जाताना पिशवीत तेवढी जागा मोकळी असू द्या.

काय काढू नये?

पाणी कमी करू नका. टँकर किंवा नळ कुठे आहे हे माहीत असेल तर दर टप्प्याला बाटली भरा, पण पूर्ण रिकामी होऊ देऊ नका. जलसंजीवनीची एक पुडी 21 ग्रॅमच्या आसपास भरते आणि एक लिटर पाण्यात विरघळते. अशा दोन-तीन पुड्यांचे ओझे काहीच नाही. रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्या पूर्ण प्रवासाच्या आणि वर दोन दिवसांच्या घ्या. नाव व मुदत दिसेल अशी पट्टी ठेवा, गोळ्या सुट्या काढू नका. मधुमेह्यांनी साखर किंवा गूळ हाताशी, बाहेरच्या कप्प्यात ठेवावा. उपासिकांनी सॅनिटरी पॅड वजनासाठी वगळू नयेत. वजन वाचवायला बिनमोज्यांचे चालणेही नको.

कशी भरावी?

जड वस्तू पाठीला लागून, खांद्याच्या थोड्या खाली येतील अशा ठेवा. हलके अंथरूण तळाशी ठेवा. कमरेचा पट्टा असेल तर आवळून बांधा, म्हणजे बरेच ओझे खांद्यावरून कमरेवर येते. एका खांद्याची झोळी लांबच्या वाटेला नको. हाताला मुंग्या आल्या तर लगेच पट्टे सैल करून ओझे उतरवा. बधिरपणा राहिला किंवा हातातली ताकद कमी वाटली तर चालणे थांबवून डॉक्टरांना दाखवा. बूटही हलके आणि वापरातले हवेत. पायातले वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी जास्त थकवते.

भिक्खूंच्या आठ परिष्कारांकडे पाहिले तर हाच विचार दिसतो. तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे साधन, एवढ्यावर ते गावोगाव चारिका करीत. त्या मोजक्या आठांतही पाणी गाळण्याच्या साधनाला जागा आहे. म्हणजे वस्तू कमी केल्या, पण आरोग्याची गरज वगळली नाही. आपल्यालाही मध्यम मार्गच धरायचा आहे.

पदयात्रेपूर्वीच्या रविवारी विहारात सर्वांनी भरलेल्या पिशव्या आणाव्यात, एकमेकांच्या मोजाव्यात आणि पाच-सहा किलोमीटर चालून पाहावे. ज्येष्ठांच्या पिशवीतले ओझे तरुणांनी त्याच दिवशी वाटून घ्यावे. वाटेत कुणी थकून खाली बसेपर्यंत थांबू नये.