सॉफ्टवेअर घेतले, पण ते कामात रुळायचे कसे?



गळीत हंगाम सुरू झाला की आपणा सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : "माझ्या उसाला तोड कधी?" चिटबॉयला विचारावे तर तो म्हणतो, "गट ऑफिसला विचारा." गट ऑफिसात जावे तर तिथे वही उघडून सांगतात, "नंबर लागलाय, पण शेतकी ऑफिसातून टोळी सुटली पाहिजे." शेतकी ऑफिसला फोन लावावा तर तिथल्या यादीत आपल्या प्लॉटची लागण तारीखच वेगळी! माणसे तिन्ही आपलीच, आणि कामही तिघे करतातच. पण तिघांच्या वह्या तीन. त्या तीन वह्यांचा मेळ बसेपर्यंत ऊस रानात उभा राहतो, त्याला तुरा येतो, वजन घटते आणि नुकसान आपल्या पदरात पडते.

दुसरे उदाहरण घ्या. रात्रपाळीत गव्हाणीची साखळी तुटली, मिल सहा तास बंद. ही गोष्ट इंजिनिअरिंग खात्याला लगेच कळते, केन यार्डला थोड्या वेळाने कळते. पण रानातल्या मुकादमापर्यंत ती पोचतच नाही. टोळी पहाटे उठून कोयते चालवते, ट्रॉल्या भरतात आणि यार्डात रांग लागते. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा हे आपण सारे जाणतो. पुढे जितका वेळ जाईल तितका तो वाळतो आणि उतारा खाली येतो. इथे कोणी कामचुकारपणा केलेला नाही. एकाची माहिती दुसऱ्याला वेळेवर मिळाली नाही, एवढेच.

यावर उपाय म्हणून हल्ली सगळीकडे सामायिक कामाचे सॉफ्टवेअर घेतले जाते. त्याचा अर्थ सोपा आहे. चावडीवर एकच फळा असावा, ज्याचे जे काम त्याने ते तिथे लिहावे आणि बाकीच्यांनी ते आपापल्या जागेवरून वाचावे, तसा हा प्रकार. कोणते काम कोणाकडे आहे, ते कुठवर आले, अडले तर कशाने अडले, हे सर्व एके ठिकाणी दिसते. 2020 साली कोरोनामुळे कचेऱ्या बंद पडल्या, तेव्हा टीम्स, स्लॅक अशा नावांची सॉफ्टवेअरे जगभर घरोघर पोचली. कोणी म्हणेल, "आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे की!" आहे खरा. पण त्यात "मिल बंद" हा निरोप सुप्रभाताच्या फोटोखाली गाडला जातो, आणि तो वाचून पुढची हालचाल कोणी करायची हे ठरलेले नसते.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पैसे मोजून सॉफ्टवेअर विकत घेता येते, ते वापरण्याची सवय विकत मिळत नाही. आणि मोजलेले पैसे सभासदांचे असतात. म्हणूनच हा विषय कचेरीपुरता नाही, तो आपलाही आहे.

वापर का होत नाही?

"लोकांना नवीन नकोच असते," असे म्हणून आपण मोकळे होतो. ते खरे नाही. हेच कर्मचारी मोबाईलवरून पैसे पाठवतात, बाजारभाव पाहतात. मग ऑफिसचे सॉफ्टवेअरच का नको?

जोनाथन ग्रुडिन या अमेरिकन संशोधकाने 1988 साली याचे कारण नेमके सांगितले. अशा सॉफ्टवेअरात माहिती भरण्याचे कष्ट एकाला पडतात आणि फायदा दुसऱ्याला होतो. त्याने सभा ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरचे उदाहरण दिले. साहेबाला सर्वांची मोकळी वेळ एका क्षणात दिसावी यासाठी हाताखालच्या प्रत्येकाने आपले वेळापत्रक रोज भरत राहायचे. सोय साहेबाची, कष्ट बाकीच्यांचे. मग ते कोण मनापासून भरणार? आपल्याकडेही हेच होते. चिटबॉयने वहीत लिहायचे, वर मोबाईलवरही भरायचे. एका कामाचे दोन झाले, आणि त्याला त्याबदल्यात काय? काहीच नाही.

दुसरा अभ्यास वांडा ऑर्लिकोव्स्की यांचा, 1992 सालचा. अमेरिकेतल्या एका मोठ्या सल्लागार कंपनीने आपल्या लोकांना लोटस नोट्स हे सॉफ्टवेअर दिले. एकाचे ज्ञान सर्वांना मिळावे हा हेतू. पण ते कशासाठी आहे हे पुष्कळांना नीट सांगितलेच नव्हते. शिकण्यात गेलेला वेळ कोणत्या खात्यावर टाकायचा तेही ठरले नव्हते. शिवाय तिथे बढती मिळायची ती दुसऱ्यापेक्षा आपल्याला जास्त येते म्हणून. मग आपली माहिती कोण वाटून टाकेल? उलट जे वरच्या जागी पोचले होते, ज्यांना ती स्पर्धा उरली नव्हती, त्यांना हे वापरणे जड गेले नाही. म्हणजे दोष यंत्राचा नव्हता. ऑफिसची रीत आणि यंत्राचा हेतू यांची तोंडे दोन दिशांना होती.

आपल्याही कारखानदारीत हे ओळखावे. ज्याच्या वहीत यादी, त्याच्या दारात गर्दी. यादी सर्वांना दिसू लागली की त्याला वाटते आपले महत्त्व गेले. आणि दुसरी भीती अशी की, चूक लेखी राहील आणि उद्या मेमो हातात पडेल. या दोन्ही भीती खऱ्या आहेत. त्यांना हसून चालणार नाही.

शेतकऱ्यांकडूनच मिळालेला धडा

नवीन गोष्ट लोक कशी स्वीकारतात याचा गाजलेला अभ्यास कारखान्यात झाला नाही, शेतात झाला. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील दोन गावांतल्या 259 शेतकऱ्यांनी संकरित मक्याचे बियाणे कसे स्वीकारले हे रायन आणि ग्रॉस यांनी तपासले आणि 1943 साली प्रसिद्ध केले. बियाण्याची वार्ता बहुतेकांना प्रथम विक्रेत्याकडून कळली, पण पेरायचे की नाही हे ठरवताना त्यांनी शेजाऱ्याकडे पाहिले. पुष्कळांनी आधी थोड्या रानात पेरून पाहिले, मग क्षेत्र वाढवले. असे करत 1941 पर्यंत दोघे सोडून सर्वांनी ते घेतले.

आपण उसाची नवी जात अशीच घेतली ना? पत्रक वाचून कोणी सगळ्या रानात लावली नाही. बांधापलीकडच्या रानात ऊस उभा पाहिला, काट्यावरची पावती पाहिली, मग बेणे मागितले. कर्मचारीही माणूसच आहे. त्यालाही शेजारच्या गटाचा अनुभव पाहिजे.

मग करावे काय?

एक : सुरुवात एका गटापासून आणि एकाच कामापासून करावी. उदाहरणार्थ, फक्त "मिल बंद-मिल चालू" आणि त्या दिवशीच्या टोळ्या. ते अंगवळणी पडले की पुढचे काम जोडावे.

दोन : जुनी वही बंद करण्याची तारीख आधी जाहीर करावी. काही दिवस दोन्ही चालवून ताळा घ्यावा लागतो हे मान्य. पण त्याला शेवट हवा. दुहेरी काम कायम राहिले तर माणूस वहीच खरी धरणार.

तीन : भरणाऱ्याला फायदा दिसला पाहिजे. चिटबॉयने नोंद भरली की त्याचे संध्याकाळचे तक्ते आपोआप तयार व्हावेत, गट ऑफिसची फेरी वाचावी. 1989 साली फ्रेड डेव्हिस याने हेच दाखवले. "हे माझ्या उपयोगाचे आहे" आणि "हे मला सोपे आहे" या दोन गोष्टी पटल्या की माणूस वापरतो, आणि त्यातही उपयोगाचे वजन जास्त पडते.

चार : वरिष्ठांनी आधी वापरावे. साहेबांनीच फोन करून "आज किती टोळ्या?" असे विचारले तर फळ्याकडे कोण बघणार? फळ्यावर नसेल ते सांगितलेच नाही असे धरावे, हा नियम वरपासून पाळला पाहिजे.

पाच : शिकवणी जागेवर द्यावी. सभागृहात दोन तास भाषण आणि चहा, याने काही होत नाही. त्याच खात्यातला एक चुणचुणीत माणूस निवडून त्याला आधी तयार करावे. तो काट्यावर, यार्डात, रानात शेजारी उभा राहून दाखवील. स्क्रीनवरची भाषा मराठी असावी. आणि रानात रेंज नसेल तिथे भरलेली नोंद रेंज आल्यावर आपोआप पुढे जावी.

सहा : पहिल्या हंगामात नोंदीतल्या चुकीवरून कोणाला शिक्षा नको. चूक दिसली तर दुरुस्ती करावी. ज्या फळ्यावर लिहिल्याने मार बसतो, त्यावर लोक खरे लिहीत नाहीत.

सात : यश मोजताना किती जणांना पासवर्ड दिला हे मोजू नये. फेऱ्या कमी झाल्या का, दुहेरी वह्या बंद झाल्या का, मिल बंद असताना भरलेल्या ट्रॉल्या यार्डात किती तास थांबल्या, हे मोजावे.

सभासदांचा वाटा

आता आपली बाजू. तोडीसाठी वशिला लावायचा, संचालकाला रात्री फोन करायचा, आणि वर म्हणायचे की यंत्रणा चालत नाही! आपण आडवाटेने माहिती काढली की कर्मचाऱ्यालाही आडवाटच सोयीची वाटते. आपल्या प्लॉटची लागण तारीख, जात, क्षेत्र नोंदीशी वेळीच ताडून पाहावे. चूक असेल तर हंगामापूर्वी दुरुस्त करून घ्यावी. आणि वार्षिक सभेत "सॉफ्टवेअरवर किती खर्च झाला?" याबरोबर "जुनी वही कधी बंद झाली?" हेही विचारावे.

ठिबकचा संच आणून गोठ्यात ठेवला तर उसाला पाणी मिळत नाही. नळ्या अंथराव्या लागतात, तोट्या साफ ठेवाव्या लागतात, रोज फेरी मारावी लागते. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. ते घेणे हा एका ठरावाचा विषय आहे. ते रुळवणे हे हंगामभराचे काम आहे, आणि त्यात व्यवस्थापन, कामगार आणि सभासद या तिघांनीही हात लावला पाहिजे.