आगीची वाट बघणारं झाड

एक झाड आहे बरं का पोरांनो, त्याच्या बुडाशी वणवा पेटला की त्याच्या घरी पाळणा हलतो. हसू नका, थाप नाही मारत. त्या झाडाला मी हात लावलाय, त्याच्या सालीत बोट खुपसून बघितलंय.

सगळ्या जगात हे झाड आपणहून उगवतं ते एकाच ठिकाणी. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये सिएरा नेवाडा नावाची डोंगररांग आहे. तिच्या पश्चिमेकडच्या उतारावर, साधारण पाच ते साडेसात हजार फुटांच्या पट्ट्यात, याच्या सत्तर-ऐंशी राया आहेत. नाव त्याचं जायंट सिकोया. त्याच्यासाठीच 1890मध्ये तिथे सिकोया नॅशनल पार्क झालं आणि 2019च्या जुलैत आम्ही तीन म्हातारे तिथे तंबू ठोकून राहून आलो. मी, मास्तर आणि वकील. तिघांचीही पोरं त्या बाजूला नोकरीला. सुनांना चार दिवस घर मोकळं हवं होतं म्हणून हा बेत निघाला, असं वकिलाचं आजही म्हणणं आहे. गाडी चालवायला त्याचा जावई होता.

खालच्या सपाटीवर अंगाची लाही होत होती. घाट लागला तसा वारा बदलला. आधी खुरटे ओक आणि काटेरी झुडपं, मग पाइन, मग फर. आणि एका वळणावर मास्तर म्हणाले, "अरे, ही भिंत कसली?" ती भिंत नव्हती, खोड होतं. विटकरी रंगाचं. गाडीच्या काचेतून त्याचा शेंडा दिसेना, म्हणून जावयाने गाडी बाजूला घेतली आणि आम्ही तिघेही उतरून माना वर करून उभे राहिलो.

मुक्काम लॉजपोलला. 6,700 फूट उंची, शेजारून नदीचा फाटा, पाणी वितळलेल्या बर्फाचं. पाय घातला की आई आठवावी असं गार. प्रत्येक तंबूच्या जागेशी लोखंडाची एक जाड पेटी होती. ती अस्वलांसाठी, म्हणजे अस्वलांपासून. खाण्याचं सगळं त्यात ठेवायचं, शिवाय साबण, टूथपेस्ट, तेल, ज्याला म्हणून वास येतो ते सगळं. वकिलाची हिंगाची डबीही आम्ही आत टाकली. तिथली अस्वलं काळ्या जातीची, पण रंगाने बरीचशी तपकिरी असतात. गाडीत नुसता बिस्किटाचा पुडा राहिला तरी ती दार वाकवून काढतात.

संध्याकाळी डाळ लावली. मास्तरांनी कुकर बरोबर घेतला म्हणून आम्ही त्यांची वाटभर थट्टा केली होती, पण खरे ठरले तेच. एवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे पाणी 93 अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. उघड्या भांड्यात कितीही खळखळ उकळलं तरी त्याहून तापत नाही आणि तूरडाळ काही केल्या गळत नाही. कुकरात वाफ कोंडली की दाब वाढतो, पाणी जास्त तापतं. पहिली शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या तंबूतली माणसं बाहेर येऊन बघायला लागली.

"आबा, आगीचं सांगा ना!"

सांगतो गं. आगीकडेच येतोय.

दुसऱ्या दिवशी आम्ही जनरल शर्मन नावाच्या झाडापाशी गेलो. उंची 275 फूट. याहून उंच झाडं जगात आहेत, पण खोडातलं एकूण लाकूड मोजलं तर याच्याएवढं मोठं झाड जगात नाही. बुंध्याचा घेर शंभर फुटांच्या वर. वय बावीसशे वर्षांच्या आसपास धरतात. आपल्याकडे भाज्याची लेणी कोरत होते, त्या सुमारास हे रोप मातीतून डोकं वर काढत होतं म्हणा ना. गंमत अशी, की 1880च्या दशकात या जंगलात कविया कॉलनी नावाची साम्यवादी मंडळी राहायला आली होती. त्यांनी याच झाडाचं नाव ठेवलं होतं कार्ल मार्क्स. सेनापती शर्मनचं नाव टिकलं, मार्क्सचं गेलं. यावर वकील आणि मास्तर तिथेच अर्धा तास भांडले. झाडाने दोघांचंही ऐकून घेतलं असावं.

ही झाडं लोकांनी तोडलीही पुष्कळ. पडताना आपल्याच वजनाने त्यांच्या ढलप्या व्हायच्या, आणि एवढ्या झाडाचे शेवटी काय करायचे, तर कुंपणाचे खांब आणि छपराच्या फळ्या! 1876च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनासाठी एका बुंध्याचे तुकडे नेऊन जोडून उभे केले, तर लोकांना ती बनवाबनवी वाटली. इतकं मोठं झाड असूच शकत नाही म्हणाले. पुढे 1893च्या शिकागोच्या प्रदर्शनातही असाच एक बुंधा पोकळ करून उभा केला होता, आत जिना घालून. विवेकानंदांची सर्वधर्मपरिषद भरली ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने.

तिथे संध्याकाळी रेंजर मंडळी लोकांना जमवून माहिती सांगतात. आमची रेंजर एक तरुण मुलगी होती. तिने आधी उन्मळून पडलेल्या झाडाची साल दाखवली. दोन फुटांपर्यंत जाड असते ती. तंतूंची, मऊ, दाबली की आत जाते. त्या सालीत आणि लाकडात राळ जवळजवळ नसते. पाइनसारखी झाडं भडभडून पेटतात ती राळेमुळे. शिवाय सालीत टॅनिन भरपूर, त्यामुळे कीड आणि बुरशीही फारशी फिरकत नाही. जमिनीवरचा पाचोळा जाळत जाणारी आग या सालीला वरवर काळी करते आणि पुढे निघून जाते. कुठे आत शिरलीच, तर झाड मरत नाही. जखमेच्या दोन्ही कडांनी नवं लाकूड वाढत येतं आणि शेकडो वर्षांनी जखम झाकली जाते. झाकली जाते, पुसली मात्र जात नाही. ॲरिझोना विद्यापीठाच्या लोकांनी मेलेल्या झाडांची आणि खोडक्यांची वर्तुळं मोजून, कुठल्या साली आग लागली होती याची तीन हजार वर्षांची नोंद काढलीये. आगी वारंवार लागायच्या आणि बहुतेक लहान असायच्या. काही विजेच्या, काही तिथल्या मोनो आणि योकट लोकांनी मुद्दाम लावलेल्या.

मग तिने एक शंकू माझ्या तळहातावर ठेवला. शंकू म्हणजे या झाडाचं फळ समजा. एवढ्या राक्षसाचं फळ कोंबडीच्या अंड्याएवढं! हिरवं, घट्ट, खवल्यांनी बंद. वर खवल्यांच्या मधे बारीक चिरा. आत साधारण दोनशे बिया. वकिलाने चष्मा कपाळावर चढवला आणि शंकू डोळ्यांपाशी नेऊन विचारलं, "हा पिकतो कधी?" तिचं उत्तर ऐकून तो गप्प बसला. हा शंकू पिकून गळून पडत नाही. बिया तयार झाल्या तरी तो वीस-वीस वर्षं झाडावर हिरवागार, बंद बसून राहतो.

दार उघडायला कोणीतरी बाहेरून यावं लागतं. तिघं येतात. पहिली डग्लस खार. तिला बियांत रस नाही, त्या अगदीच चिमुकल्या. तिला आवडतात ते शंकूचे मांसल खवले. ती शंकू कुरतडते आणि खाताना बिया सांडतात. दुसरा, लांब मिशांचा एक बारीक भुंगेरा. त्याची अळी शंकूत बोगदा करते, खवल्यांचं पाणी तुटतं, शंकू वाळून उघडतो. हे दोघं वर्षभर आपापल्या परीने थोडंथोडं बी सांडत असतात.

आणि तिसरी ती आग. आग खाली, शंकू वर दीडदोनशे फुटांवर. ज्वाळा तिथपर्यंत जातच नाहीत. जाते ती गरम हवा. तिने शंकू सुकतात आणि पुढच्या काही दिवसांत, खालची राख निवल्यावर, एकेक करून उघडतात. ठमे, बी केवढंसं म्हणतेस? एका ग्रॅममध्ये दोनशे बिया बसतात. चपटं, दोन्ही बाजूंना पापुद्र्याचे पंख. एकेका झाडाखाली त्यांचा पाऊस पडतो.

पडतं तेही बरोबर जागी. एरवी या रायांमध्ये वाळक्या काटक्या-पानांचा टीचभर जाड थर असतो. इवलंसं बी त्यावर रुजलं, तरी मूळ मातीपर्यंत पोचायच्या आत उन्हाळा येतो आणि रोप वाळतं. आगीने हा थर जाळलेला असतो. उघडी माती, वर मऊ राख, मुळं कुजवणारी बुरशी भाजून गेलेली, आजूबाजूची फर झाडं मेल्यामुळे वरून ऊन आलेलं. तरीही बहुतेक रोपं मरतातच. हजारांतलं एखादं जगतं. पण ज्याचं आयुष्य दोन-तीन हजार वर्षांचं, त्याला घाई कशाला?

आता माणसाचं ऐका. पार्क झालं आणि साहेबलोकांनी ठरवलं, झाडं वाचवायची तर आग विझवायची. दिसेल ती आग विझवली. 1935मध्ये तर तिथल्या वनखात्याचा हुकूम निघाला, की आज लागलेली आग उद्या सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. मनापासून काम केलं हो त्यांनी! आणि दर वर्षी थोडा थोडा जळून जाणारा पाचोळा साठत राहिला, फरची झाडी दाटली, सिकोयाची नवी रोपं दिसेनाशी झाली. सॅन होजेच्या कॉलेजातले रिचर्ड हार्टेस्वेल्ट नावाचे प्राध्यापक सांगू लागले, की या झाडांचा मोठा धोका आग नसण्यातच आहे. 1964च्या सुमारास त्यांनी शेजारच्या किंग्ज कॅन्यनमध्ये जाळून बघण्याचे प्रयोग केले आणि जळलेल्या मातीवर रोपं आली. 1968पासून पार्कवाल्यांनी स्वतःच, हवा-पाणी बघून, हाताशी माणसं ठेवून, बारीक आगी लावायला सुरुवात केली.

उद्या कोणी गवताला काडी लावून माझं नाव सांगाल, म्हणून आत्ताच बजावतो. आपल्या सह्याद्रीत वणवे लागतात ते बहुतेक माणसाच्या हाताने, आणि त्यात घरट्यांतली पिल्लं आणि कोवळी रोपं मरतात. त्या वणव्याची वाट बघणारं सिकोया आपल्याकडे नाही.

आम्ही परत आलो आणि पुढच्याच वर्षी, 2020च्या ऑगस्टमध्ये, तिथे कॅसल फायर नावाची आग लागली. आधीच्या दुष्काळात कॅलिफोर्नियातली दहा कोटींहून जास्त झाडं वाळून उभी होती, खाली शंभर वर्षांचा पाचोळा. ही आग बऱ्याच ठिकाणी जमिनीवरून गेली नाही, शेंड्यांवरून गेली. साडेसात ते साडेदहा हजार मोठे सिकोया मेले असा अंदाज आहे. म्हणजे जगातल्या मोठ्या सिकोयांपैकी शंभरातले दहा ते चौदा. आगीत जन्मलेली झाडं, आगीनेच. पुढच्या वर्षी सप्टेंबरात विजेने पुन्हा वणवा पेटला आणि तो थेट जनरल शर्मनच्या दिशेने निघाला. आगवाल्यांनी शर्मनच्या बुंध्याला ॲल्युमिनियमचं जाड आवरण गुंडाळलं, तो फोटो मास्तरांनी मला रात्री अकराला पाठवला. शर्मन वाचला. माझ्या मते श्रेय चांदीच्या कागदाचं कमी. त्या रायांत पार्कवाल्यांनी वर्षानुवर्षं बारीक आगी लावून ठेवल्या होत्या, त्यामुळे तिथे आल्यावर वणव्याला खायलाच फारसं मिळालं नाही आणि तो जमिनीवर उतरला.

"मग जिथली झाडं मेली, तिथे नवीन आली का?"

तेच तर भांडण आहे, बंड्या. जिथे आग फारच तापली तिथे वरचे शंकूसुद्धा जळून गेले, मग बी पडणार कुठून? 2023मध्ये पार्कने अशा काही रायांत माणसांच्या हातांनी रोपं लावायचं ठरवलं. काही निसर्गप्रेमी संस्थांचा त्याला विरोध आहे. हे राखीव रान आहे, त्यात माणसाने नांगर घालू नये, थांबा, झाडं आपली आपण येतील, असं त्यांचं म्हणणं. वकील त्यांच्या बाजूने आहे. मी आणि मास्तर रोपांच्या बाजूने. पाचोळा साठवला माणसाने, तर बी नेऊन द्यायचं कामही त्यानेच करावं, असं मी त्याला फोनवर म्हटलं. त्यावर तो म्हणाला, शंभर वर्षांपूर्वी आग विझवणाऱ्यांनाही आपलं असंच बरोबर वाटत होतं. याला मला अजून उत्तर सुचलेलं नाही. तो दर रविवारी फोन करून विचारतो, सुचलं का म्हणून.