नळातून चढणारे काँक्रीट

पुण्याच्या एका उपनगरात अकराव्या मजल्याचा स्लॅब भरला जात असताना मी पहाटेपासून पंपाशेजारी उभा होतो. आणि ज्या कामासाठी पूर्वी डोक्यावर घमेली घेतलेल्या स्त्रीपुरुषांची रांग दिवसभर वरखाली करीत असे, तेच काम 125 मिलिमीटर व्यासाचा एक पोलादी नळ करीत असलेला पाहून मनात कृतज्ञताच दाटून आली.

ट्रान्झिट मिक्सरमधून उतरणारा माल हॉपरमध्ये पडतो, तेथे फिरती पाती त्याला बसू देत नाहीत. मग शेजारी-शेजारी असलेल्या दोन सिलिंडरांपैकी एकातील दट्ट्या मागे सरून माल आत ओढतो, त्याच वेळी दुसरा आपला माल पुढे रेटतो, आणि ‘एस’ अक्षरासारखी वाकलेली नळी प्रत्येक खेपेस खाडकन एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर जाते. हा पंप जागीच स्थिर होता. गाडीवर बसवलेल्या घडीच्या बूमचा पंप थोड्या वेळात अनेक ठिकाणी माल पोचवतो, तर रबरी नळी रुळांनी पिळून माल ढकलणारा पंप लहान कामांस पुरतो. उंचीच्या बाबतीत मात्र स्थिर पंपाचीच सरशी : दुबईच्या बुर्ज खलिफावर त्याने 600 मीटरहून अधिक उंचीवर काँक्रीट चढविले.

परंतु केवळ दाबाने हे साधत नाही. पहिल्या खेपेपूर्वी ऑपरेटरने सिमेंटचे पातळ कालवण नळातून सोडले व वर निघालेले ते कालवण स्लॅबमध्ये पडू न देता बाजूस काढण्याची तजवीज केली. “आधी नळाला पाजायचं, मग त्याच्याकडून काम घ्यायचं,” तो म्हणाला. काँक्रीट नळातून सलग दांड्यासारखे सरकते आणि नळाच्या अंगाला लागलेला सिमेंटचा पातळ थर त्याला वाट देतो. तो थर विरला, खडी सुटी झाली, की वळणावर नळ तुंबतो.

दहाच्या सुमारास दाबाचा काटा एकाएकी चढला. ऑपरेटरने तत्काळ पंप उलटा चालवून दाब उतरविला आणि हातोडीने नळ ठोकीत गेला. तिसऱ्या वळणावर आवाज बद्द आला, तेथेच खडी अडकली होती. नळ मोकळा होईतो एका मजुराने माल सैल व्हावा म्हणून हॉपरवर पाण्याची नळी धरली; ऑपरेटरने ती झटकन बाजूस केली.

त्या एका कृतीत या विद्येचे सार आहे. जादा पाण्याने माल क्षणभर सैल होतो, पण खडी वेगळी पडते आणि स्लॅबची ताकद कायमची घटते. आपल्या घराचा स्लॅब भरला जात असेल त्या दिवशी, वाचकहो, हॉपरपाशी उभे राहा आणि तेथे पाणी ओतू देऊ नका.