बिलांची चाळणी

धान्याच्या व्यापाऱ्यास चाळणीचे महत्त्व सांगावयास नको. परंतु पेढीवर संगणक आल्यापासून दुसरी एक चाळणी आपल्या हाती आली असून तिच्याकडे आपल्या सभासद बंधूंचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे आम्हांस वाटते. ही चाळणी बिलांची होय.

समजा, हाथीखान्यातून एक किरकोळ दुकानदार दर आठवड्यास ३० किलोचे १० कट्टे तांदूळ नेण्याचे ठरवितो. कट्ट्याचा भाव १,५०० रुपये. मेहताजी सोयीसाठी चारही आठवड्यांची बिले पुढील तारखा घालून एकदमच करून ठेवतात. पहिल्या खेपेतील २ कट्टे भिजलेले निघाले, म्हणून ३,००० रुपयांची क्रेडिट नोट दिली. दोन खेपा झाल्यावर येणे किती? २७,००० रुपये. परंतु महिनाअखेरपर्यंतची केवळ विक्रीची बिले निवडून यादी काढली, तर ६०,००० दिसतील! न दिलेल्या मालाचे आणि परत घेतलेल्या मालाचेही पैसे मागणारे पत्र त्या गृहस्थाच्या हाती पडल्यास तो पुढे आपल्या पेढीची पायरी कशास चढेल?

टॅलीत पुढील तारखेच्या नोंदीस 'पोस्ट-डेटेड' अशी खूण करता येते; ती तारीख उजाडेपर्यंत रक्कम खात्यावर चढत नाही. ही खूण करण्याचा आळस मुळीच करू नये. माल निघण्यापूर्वीचे असे बिल हा आपला मनसुबा आहे, येणे नव्हे.

क्रेडिट नोटांची गोष्ट याहून नाजूक. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधी बांधलेल्या व लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के जीएसटी लागू झाला. मोठे कट्टे त्यातून सुटले. त्यामुळे एकाच गिऱ्हाइकाच्या खात्यात करपात्र व करमुक्त अशा दोन्ही नोटा येतात. त्या वेगळ्या काढल्याच पाहिजेत. करपात्र नोटेवरील कर कमी करून घ्यावयाचा, तर मूळ बिलाच्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरण त्याआधी भरल्यास तोवरच, ती विवरणात दाखवावी लागते. तेव्हा चाळणी नोटेच्या तारखेवर न लावता मूळ बिलाच्या तारखेवर लावावी. नोट करतानाच मूळ बिलाचा क्रमांक व तारीख भरलेली नसेल, तर ती लागणार तरी कशी? (घरच्या सुना-मुली हे काम पुष्कळ मेहताजींहून चोख करतात, हे येथे नमूद करणे उचित होईल.)

'तत्त्वार्थसूत्रा'च्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया' गणली आहे. अपुरी यादी अजाणता गेली, तर तो अतिचार ठरतो की नाही, याचा निर्णय पंडितांनी करावा. आमच्या मते, यादीच्या माथ्यावर कोणती बिले व कोणत्या नोटा वगळल्या, हे छापूनच ती पेढीबाहेर जाऊ द्यावी. आणि एकदा लावलेली चाळणी काम संपताच मेहताजींकडून काढवून घ्यावी.