ग्लासातली चांदी

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण भ्रमाविषयी बोलत होतो. शिंपला पडलेला असतो, उन्हात चमकतो आणि आपण म्हणतो, 'ही चांदी!' शास्त्रकारांचा हा शुक्ति-रजताचा दृष्टान्त भाट्याच्या पुळणीवर फिरणाऱ्या माणसाला वेगळा समजावून द्यावा लागत नाही. आज आम्ही उलटा प्रकार घेणार आहोत. चांदी खरीच आहे, पण नाव सांगतं त्या रूपात ती नाही.

कोलॉइडल सिल्व्हर, म्हणजे कलिल चांदी, काही लोक घरी करतात आणि औषध म्हणून पितात. कृती सोपी दिसते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये चांदीच्या दोन तारा सोडायच्या आणि नऊ-नऊ व्होल्टच्या दोन-तीन बॅटऱ्या जोडायच्या. धन टोकाच्या तारेवर चांदीचा अणू एक इलेक्ट्रॉन सोडतो आणि आयन होऊन पाण्यात उतरतो. ऋण टोकाला हायड्रोजनचे बुडबुडे येतात.

आता पाहा, कलिल म्हणजे पाण्यात तरंगणारे धातूचे अतिसूक्ष्म कण. असे कण पुरेसे असले तर पाणी पिवळसर दिसतं. इथे बहुतेक चांदी आयनरूपात, मीठ विरघळावं तशी विरघळलेली असते. 'लेसरचा किरण पाण्यात दिसला, म्हणजे कलिल झालं' असं सांगतात. किरण दिसायला थोडे कणही पुरतात. बाकीची चांदी कुठल्या रूपात आहे, ते किरण सांगत नाही. चिमूटभर मीठ टाकून पाहा. पाणी दुधाळ झालं तर आयन होते. मिठातल्या क्लोराइडशी मिळून त्यांचं सिल्व्हर क्लोराइड झालं. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं मचूळ पाणी घेतलं तर मीठही टाकावं लागणार नाही. आणि पोटात काय असतं? हायड्रोक्लोरिक आम्ल. म्हणजे ग्लासात जंतू मारणारा आयन पोटात पोचताच क्लोराइडच्या हाती सापडतो.

बरं, किती चांदी उतरली? फॅरडेच्या नियमाने हिशेब होतो. एक मिलिअँपिअर प्रवाह तासभर वाहिला तर सुमारे ४ मिलिग्रॅम. पाव लिटर पाण्यात ती सगळी राहिली असं धरलं, तर लिटरला १६ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे १६० पट! शिवाय आयन वाढतात तसा प्रवाहही वाढतो, थोडी चांदी दुसऱ्या तारेवर जाऊन बसते. घरी करणाऱ्याला आपण किती प्यालो ते कळतच नाही. आम्हाला सगळ्यात खटकतं ते हे.

क्लोराइड झालं म्हणून सगळी चांदी बाहेर पडते, असंही नाही. थोडी रक्तात जाते, वर्षानुवर्षं साठते आणि त्वचा निळसर-राखाडी होते. याला अर्जिरिया म्हणतात. याचा धाकटा भाऊ तुमच्या बोटावर येऊन गेला आहे: मतदानाची शाई. तिच्यातही चांदीचंच क्षार असतं, सिल्व्हर नायट्रेट. उजेडात ते काळं पडतं. १९६२ च्या निवडणुकीपासून म्हैसूरच्या कारखान्यातली ही शाई आपण लावून घेत आलो. ती वरच्या कातडीवर आणि नखावर असते, म्हणून कातडी झडली, नख वाढलं की जाते. अर्जिरियातली चांदी त्याखालच्या थरात असते. ती जात नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्ये, दुकानात सहज मिळणारी अशी औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत, असा निर्णय दिला.

'मग बाळाला चांदीच्या वाटीतून भरवतो, त्याचं काय?' असं कुणीतरी विचारणारच. खुशाल भरवा. वाटीला बॅटरी जोडलेली नसते, तिच्यातून चांदी नगण्य उतरते. भाजलेल्या जखमेवर डॉक्टर चांदीचं मलम लावतात, तेही खरं. तिथे औषध कोणतं, किती आणि कुठे लावायचं हे ठरलेलं असतं. ट्यूबवर प्रमाण छापलेलं असतं. घरच्या ग्लासावर काय छापणार?