पाना घेताना : भारी कोणता, हलका कोणता आणि गॅरंटी कशाची?



मोटेचा काळ होता तेव्हा नाडा तुटला, सोंदूर तुटला तर दुरुस्ती गावातच होत असे. आता विहिरीवर मोटर आहे, बोअरमध्ये सबमर्सिबल आहे, कोणाकडे जुने इंजिन आहे, कोणाकडे ट्रॅक्टर. त्यामुळे मळ्यातल्या खोपीत विळा-कुऱ्हाडीच्या शेजारी पाने-पकडीची एक पिशवी टांगलेली असतेच. ही पिशवी भरताना नेहमी एक प्रश्न पडतो. जळगाव-धुळ्याच्या बाजारात एका दुकानात पाना जेवढ्याला मिळतो, शेजारच्या दुकानात त्याच मापाचा पाना दुप्पट-तिप्पट किमतीला असतो. दिसायला दोन्ही चकचकीत. मग घ्यावा कोणता?

सगळेच भारी घ्या असे आमचे सांगणे नाही. तेवढा पैसा पाने-पकडीत गुंतवायचे कारण नाही. परंतु जिथे पाना घसरला तर पान्याच्या किमतीपेक्षा मोठे नुकसान होते, तिथे हलका माल घेणे महागात पडते.

हिशेब करून पाहा. यावल-रावेरकडे केळीची एकरी साधारण १,७५० झाडे असतात. ऐन उन्हाळ्यात वाढलेल्या झाडाला दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे एकराला रोजचे ३५ हजार लिटर झाले. मे महिन्यात ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात, वीज पाळीने येणारी, आणि त्यातच पंपाच्या कपलिंगचा बोल्ट सैल झाला. पाना लावला, जोर दिला, पाना फाकला आणि नटाचे कोपरे गेले. नट एकदा गोल झाला की चांगला पानाही त्यावर बसत नाही. मग छिन्नी शोधा, नाहीतर गॅस कटरवाल्याला बोलवा. तोवर वीज गेलेली असते. मेकॅनिकला एकदा मळ्यावर आणायचा खर्च पाहिला तर भारी आणि हलक्या पान्याच्या किमतीतला फरक त्यापुढे काहीच नाही.

आता हा फरक येतो कुठून ते पाहू. तुमचा लोहार विळ्याला पाणी देतो हे तुम्ही पाहिलेले आहे. लोखंड तापवून पाण्यात बुडवले की ते कडक होते. परंतु फार कडक झाले तर दगडाला लागताच धार उडते. म्हणून जाणता लोहार पाणी दिल्यावर विळा पुन्हा थोडा शेकतो. पान्याचेही तसेच आहे. चांगला पाना पोलादाचा तापलेला तुकडा साच्यात ठोकून बनवतात आणि नंतर त्याला मोजून पाणी देतात. वर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असे छापलेले असते. हे पोलाद क्रोमियम आणि व्हॅनेडियम या धातूंची थोडी भर घालून बनवतात. क्रोमियम शेकडा एकाच्या आसपास असते, व्हॅनेडियम त्याहूनही कितीतरी कमी. पण नुसती भर घालून भागत नाही, पाणी नीट दिले तरच त्या भरीचा उपयोग. हलक्या मालात ही मेहनतच वाचवलेली असते. मऊ लोखंडाला चकाकीचा मुलामा दिला आणि वर तीच अक्षरे ठोकली की झाला पाना तयार. अक्षरे ठोकायला पैसे लागत नाहीत. असा पाना मोडत नाही, तोंडाशी फाकतो. उलट पाणी जास्त झालेला पाना फाकत नाही, कडकन मोडतो आणि हाताची सालटी काढतो.

पोलादाइतकेच महत्त्व मापाला आहे. १९ च्या पान्याचे तोंड खरोखर १९ मिलिमीटरचे असले पाहिजे. जरा मोठे राहिले की जोर नटाच्या सपाट बाजूवर न पडता कोपऱ्यावर पडतो. येथे आपल्या भागातली एक अडचण सांगितली पाहिजे. बऱ्याच जणांकडे जुन्या लिस्टर जातीची इंजिने अजून आहेत आणि त्यांना व्हिटवर्थ मापाचे, म्हणजे इंची बोल्ट असतात. पान्यावर १/२ डब्ल्यू असा छाप असेल तर त्याचे तोंड सुमारे २३.४ मिलिमीटर असते. त्या बोल्टला तेवीसचा पाना जात नाही आणि चोवीसचा सैल पडतो. पुष्कळ वेळा आपण पान्याला शिव्या देतो आणि दोष मापाचा असतो. अशा इंजिनासाठी इंची मापाचे दोन-तीन पाने वेगळेच ठेवावेत. नव्या बोल्टांतही थोडा बदल आहे. १२ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे डोके पूर्वी १९ चे असे, नव्या मापात ते १८ चे आहे. १० मिलिमीटरच्या बोल्टला कुठे १७ लागतो, कुठे १६. म्हणून १६-१७ आणि १८-१९ हे दोन पाने पिशवीत हवेतच.

फिक्स पाना आणि रिंग पाना यांतला फरकही ध्यानात घ्या. फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो. रिंग पाना नटाच्या सहाही कोपऱ्यांशी धरतो. गंजलेल्या, अडकलेल्या नटावर भारी कंपनीच्या फिक्स पान्यापेक्षा मध्यम प्रतीचा रिंग पाना केव्हाही बरा. पैसे थोडे असतील तर बारा नगांचा हलका सेट घेऊ नका. १२-१३, १६-१७, १८-१९ आणि २४-२७ असे चारच रिंग पाने चांगल्या प्रतीचे घ्या. पंपावर आणि ट्रॅक्टरवर रोजच्या कामाला बहुतेक हेच लागतात. सेटमधले ६-७ आणि ८-९ वर्षानुवर्षे पिशवीत गंजत पडतात, हे तुम्हीच आठवून पाहा.

स्क्रू पाना (ज्याचे तोंड लहान-मोठे होते तो) घ्यायचा तर चांगलाच घ्यावा. हलक्याचा सरकता जबडा पहिल्या महिन्यातच डुगडुगतो, आणि डुगडुगणाऱ्या स्क्रू पान्याइतके नट दुसरे कशानेही खराब होत नाहीत. वापरताना पाना अशा बाजूने फिरवा, की जोर पक्क्या जबड्यावर येईल, सरकत्यावर नाही. पाइप पान्याचेही तेच. त्याचे दाते मऊ असतील तर बोअरचा लोखंडी पाइप चढवता-उतरवताना तो घसरतो. वर टांगलेला पाइप आणि खाली माणसाचे हात असतात तेव्हा घसरणे म्हणजे काय, हे सांगायला नको. सबमर्सिबल वर काढण्याची चेन कुप्पीसुद्धा याच यादीत धरा. तिच्यावर किती टनांची आहे हे कोरलेले असावे, आणि नाव-गाव नसलेली कुप्पी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. (प्लास्टिकच्या कॉलम पाइपवर मात्र दातेरी पाना चालवू नका. पाइपावर चरे पडतात आणि पुढे तिथूनच तो चिरतो.)

दुकानात गेल्यावर पारख कशी करावी? घरून निघतानाच १७ आणि १९ डोक्याचे दोन नवे बोल्ट खिशात टाका. पाना त्यावर बसवा आणि हलवून पाहा. नावाला हालला तर ठीक, खुळखुळला तर परत द्या. दोन्ही तोंडांवर माप, बनवणाऱ्याचे नाव आणि शक्यतो भारतीय मानकाचा क्रमांक असावा. फिक्स पान्यासाठी आयएस २०२८ आणि रिंग पान्यासाठी आयएस २०२९ हे मानक आहे. तोंडाच्या आतली बाजू पाहा. तिथे मुलाम्याचे पापुद्रे, खळगे किंवा केसासारखी चीर दिसली तर तो नग बाजूला ठेवा. नाव नीट वाचा. नावाजलेल्या कंपनीच्या नावातले एखादेच अक्षर बदलून, तसाच रंग आणि तसेच खोके करून विकलेला माल बाजारात असतो. घाईत आपण नाव वाचत नाही, खोक्याचा रंग ओळखतो. कोणी लोहचुंबक लावून पाहतात. त्याचा उपयोग नाही, चुंबक मऊ लोखंडालाही चिकटते आणि चांगल्या पोलादालाही. कोणी पाना वाजवून पाहतात. ती परीक्षा माठाला ठीक. घरी असलेल्या पान्याची खरी परीक्षा कानशीने होते. मऊ पान्यावर कानस चालवली की भुगा पडतो, कडक पान्यावर ती जड चालते आणि भुगा कमी पडतो. ही परीक्षा नव्या पान्यावर दुकानदार करू देणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

विजेच्या कामाच्या पकडीबद्दल मात्र आम्ही आग्रहाने सांगतो. मुठीवर रंगीत प्लास्टिक आहे म्हणजे पकड शॉकपासून वाचवते, असे नाही. पुष्कळ पकडींवरचे ते वेष्टण फक्त हाताला बरे वाटावे म्हणून असते. विजेसाठी बनवलेल्या पकडीच्या मुठीवर १००० व्होल्ट असा आकडा आणि दोन त्रिकोणांची खूण असते. हलक्या पकडीची टोपणे उन्हाने सैल होतात आणि घामेजलेल्या हातात फिरतात. तीन फेजच्या स्टार्टरवर ४१५ व्होल्ट असतात हे विसरू नका. आणि पकड कितीही चांगली असली तरी मेन स्विच पाडून, फ्यूज काढून खिशात ठेवल्याशिवाय पेटीला हात लावू नये. फ्यूज खिशात यासाठी, की दुसरा कोणी येऊन बसवणार नाही.

हलका माल कुठे चालतो? ग्रीस भरायचे साधे सामान, तेलाची बुधली, नरसाळे, तारेचा ब्रश, हेक्सा ब्लेडची चौकट (ब्लेड मात्र चांगले), टॉमी म्हणून वापरायची सळई, डबे उघडायचा पेचकस. छिन्नी तर गावच्या लोहाराकडून जुन्या कमानपट्ट्याची बनवून घेतलेली बाजारातल्यापेक्षा चांगली असते. तिचे डोके ठोकून ठोकून फुलासारखे पसरले की ते घासून टाका, नाहीतर कपचा उडून डोळ्यात जातो.

आता गॅरंटीकडे वळू. भारी हत्याराच्या खोक्यावर ‘लाइफटाइम वॉरंटी’ लिहिलेले असते. ही पद्धत मूळची अमेरिकेतली. तिथल्या सीअर्स दुकानांनी १९२७ पासून क्राफ्ट्समन नावाची हत्यारे विकली. हातहत्यार मोडले तर दुकानात आणा आणि नवे न्या, असा त्यांचा लौकिक झाला. मोडतोड भरून देण्याची रक्कम आधीच किमतीत धरलेली असते, हे उघड आहे. आणि ही गॅरंटी कामाची ठरली, कारण दुकान हाताशी होते. आपल्याकडेही जवळ कारखाने आहेत. टपारिया कंपनीने १९६९ साली स्वीडनच्या एका कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हत्यारे बनवायला सुरुवात केली, तिचा कारखाना नाशिकजवळ सातपूरला आहे. पंजाबात जालंधर आणि लुधियाना ही तर हातहत्यारांची मोठी केंद्रे. परंतु चोपड्याच्या किंवा साक्रीच्या शेतकऱ्याला कारखान्याशी काय करायचे? त्याचा संबंध दुकानदाराशी. म्हणून घेण्याआधीच विचारा : मोडला तर बदलून तुम्ही देणार, की कंपनीकडे पाठवणार? किती दिवस लागतील? जाण्यायेण्याचे भाडे पान्याच्या किमतीइतके होत असेल, तर ती गॅरंटी तुमच्यासाठी कागदावरच आहे. त्यापेक्षा तालुक्याच्या गावी ओळखीचा दुकानदार तोंडी ‘मी बदलून देतो’ म्हणत असेल, तर ते पावतीवर लिहून घ्या. ते जास्त उपयोगाचे.

ही हमी कशावर असते तेही समजून घ्या. ती पोलादाच्या आणि बनावटीच्या दोषावर असते, झिजेवर नाही. पान्याच्या दांडीला पाइप लावला, त्यावर घण मारला, वेल्डिंग केले किंवा गॅसवर तापवून वाकवला, तर कोणतीही कंपनी बदलून देत नाही. नऊ इंची पान्याला पाइप लावून दांडी सत्तावीस इंच केली की त्याच हाताचा जोर नटावर तिप्पट पडतो. तेवढ्यासाठी तो बनवलेलाच नसतो. अडकलेल्या नटाला आदल्या रात्री रॉकेल किंवा डिझेल सोडून ठेवा, सकाळी बिनपाइपाचा सुटेल.

पावती घ्या, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. कच्च्या चिठ्ठीवर कसली दाद मागणार? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत सदोष माल परत घेण्यास नकार देणे, हीसुद्धा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू पडत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेले हत्यार असले तरी तुम्ही ग्राहकच आहात. प्रथम १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा. तेवढ्याने न मिटल्यास तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, म्हणजे जळगावला किंवा धुळ्याला, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. एका पान्यासाठी कोणी आयोगाकडे जाणार नाही हे आम्ही जाणतो, पण हाच नियम मोटरला आणि चेन कुप्पीलाही आहे.

बेअरिंग ओढायचा पुलर, मोठा चेन पाना आणि चेन कुप्पी ही वर्षातून एक-दोनदाच लागणारी हत्यारे चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून घ्यावीत, आणि मिळून घेताना चांगल्यातली घ्यावीत. कोणाकडे गेली ते वहीत लिहावे. ओळखीसाठी पान्यावर छिन्नीने नाव कोरण्याची आपल्याकडे चाल आहे, ती सोडावी. जिथे खाच पडते तिथूनच पाना मोडतो, आणि बदलून द्यायच्या वेळी दुकानदाराला बोट दाखवायला जागा मिळते. दांडीच्या मध्यावर रंगाचा एक पट्टा ओढावा. तुमचा लाल असेल, तर शेजाऱ्याने पिवळा घ्यावा.